धापूचं बोट

"गाव कुठे गेलं?"

"आधी पाणी प्या, बाबूजी."

"पाणी नको. विचारतोय त्याचं उत्तर द्या. इथे हरखूची ढाणी होती. चाळीस घरांची वाडी. ती कुठे गेली?"

खेजडीखाली, म्हणजे आपल्या शमीच्या झाडाखाली, बसलेल्या म्हाताऱ्या फकिराने पुढे केलेला लोटा मागे घेतला. पाणी परत घड्यात ओतलं. थेंबही बाहेर सांडला नाही.

"उत्तर कुठे पळून जात नाही," तो म्हणाला. "बसा. तिथे नको... इकडे सावलीत या."

सबनीस तिथेच बसले. दगडांचा एक गोल ढीग होता, बसायला सोयीचा. चाळीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला कुठे बसायचं हे कुणी सांगितलेलं चालत नाही.

फकीर त्या दगडांकडे बघत राहिला. मग त्याने नजर खाली घातली.

रमाकांत सबनीसांनी आयुष्यात दोन मंत्री घरी बसवले होते, आणि भांडून सोडलेल्या नोकऱ्यांची गणती त्यांनी स्वतःच सोडून दिली होती. पण छाती फुगायची ती एकाच बातमीच्या नावाने. अठरा वर्षांपूर्वी, दिल्लीत असताना, मारवाडच्या पार पश्चिम टोकाला जाऊन त्यांनी ती आणली होती.

संस्थानी काळातली रूपासरची कोठी, म्हणजे राजाचा वाडा. कोठीच्या पायथ्याशी पसरलेली बाग. आणि डोंगराखालच्या तलावातून त्या बागेला पाणी नेणारी लांबच लांब कच्ची नहर. भादव्यात तलाव भरला की नहर सोडत. सबनीस पोचले तो नेमका तोच दिवस.

त्यांनी काय पाहिलं? ढाणीच्या वरच्या अंगाला तीन माळी पहारी घेऊन वाहत्या नहरेचा तळ फोडत होते. पाणी भसाभस वाळूत जिरत होतं, आणि माळी हसत होते. वर गूळ वाटत होते. आणि चारशे पावलांवर ढाणीतल्या बाया बेरीतून लोटा लोटा पाणी ओढत होत्या. बेरी म्हणजे वाळूतली अरुंद विहीर; माणूस जेमतेम आत उतरेल एवढी.

सबनीसांचं डोकं फिरलं. कुणाचंही फिरलं असतं.

'वाळूला पाजलेलं पाणी' हा त्यांचा मथळा. बातमी मराठीत आली, हिंदीत गेली, विधानसभेत वाचली गेली. सहा महिन्यांत नहरेला सिमेंटचं अस्तर लागलं; वाचलेलं पाणी आता ढाणीला मिळणार, हे सबनीसांनी धरूनच चाललं. सबनीसांना पुरस्कार मिळाला, शाल मिळाली, आणि रागावून लिहिलेलं फुकट जात नाही हा विश्वास मिळाला. पुढची सगळी वर्षं ते त्या विश्वासावर जगले.

आता त्यांच्या निवडक बातम्यांचं पुस्तक छापायला गेलं होतं. नाव तेच. मुखपृष्ठासाठी त्यांना ढाणीचा आजचा फोटो हवा होता. पाणी मिळालेलं गाव.

त्या सकाळी ते आधी बाग बघायला गेले. बाग आता सर्वांना खुली आहे. तिकीट काढलं की तुम्हीही राजे. फाटकातच पाणपोई होती. करडी ओढणी घेतलेली एक बाई घड्यापाशी बसली होती. तिने लोटा पुढे केला. सबनीसांनी हातातली सीलबंद बाटली उंच करून दाखवली आणि ते आत गेले.

आत सात कारंजी उडत होती. जिथे उंटाला दोन दिवसांनी पाणी दाखवतात तिथे सात कारंजी. गुलाबांच्या ओळी, आणि गालिच्यासारखी हिरवळ. 'हिरवळीवर पाय ठेवू नये' ही पाटी चार भाषांत. कोठीच्या दालनात तलवारी, राणीचा मेणा, मेलेल्या वाघाबरोबर उभे असलेले राजेसाहेब. आणि शेवटच्या भिंतीवर, काचेच्या आड, सबनीसांची बातमी.

खाली ओळ होती: 'एका जागरूक पत्रकारामुळे बागेचं पाणी वाचलं.'

सबनीसांना ते खुपलं. बागेचं? त्यांनी तर गावासाठी लिहिलं होतं. सरकारी माणसाला शाबासकीसुद्धा धड देता येत नाही, असं म्हणत ते मागच्या दारातून बाहेर पडले आणि नहरेच्या काठाने अर्धा कोस चालत आले.

ढाणीत घरांना छपरं नव्हती. चुलींमध्ये वाळू होती. गावात जिवंत एवढंच: एक खेजडी, तिच्याखालचं पिराचं ठाणं, आणि हा फकीर.

"तुमचं नाव काय, बाबा?"

"लाधूशाह."

"इथे कधीपासून?"

"तुम्ही आला होतात त्याच्या आधीपासून."

सबनीस चपापले. "तुम्ही ओळखता मला?"

"मी याच झाडाखाली होतो. तुम्ही मला ओलांडून गेलात. घाईत होतात."

सबनीसांना काही आठवेना. त्यांनी विषय मुद्द्यावर आणला. ती त्यांची जुनी सवय.

"हे बघा, गाव आपोआप उठत नाही. कुणीतरी उठवतं. कोठीवाल्यांनी उठवलं? ठेकेदाराने? तहसीलदाराने? तुम्ही नुसतं नाव सांगा."

"नाव सांगून काय होईल?"

"मी लिहीन. म्हातारा झालोय, लेखणी बोथट नाही झालेली."

"कुणाचंही नाव निघालं तरी?"

"कुणाचंही निघो. आजवर कुणाला सोडलं नाही."

फकिराने मान हलवली. जणू एक जुना निरोप पोचता झाला.

"ती बातमी आहे जवळ?"

होती. सबनीसांनी पिशवीतून कात्रण काढलं. जुनं होऊन फाटू नये म्हणून त्यांनी ते दोन्ही बाजूंनी प्लास्टिकमध्ये बसवून घेतलं होतं.

फकिराला वाचता येत नव्हतं. त्याने मजकुरावरून बोट फिरवलं आणि ते फोटोवर थांबवलं.

"हा भोमा. बघा, कसा हसतोय. दात काय पांढरे होते त्याचे..."

"कोण भोमा?"

"पहार घेतलेला. धापूचा नवरा."

"तो तर बागेतला माळी."

"बागेत कामाला. राहायला इथे. तिघेही इथलेच."

'राजाचे माळी' असं सबनीसांनी लिहिलं होतं. 'तहानलेल्या गावाच्या डोळ्यांदेखत पाणी सांडून हसणारे राजाचे माळी.' ते कुठे राहतात, हे विचारायचं राहून गेलं होतं.

फकिराचा घडा वाळूने भरलेल्या परातीत ठेवलेला होता, गार राहावा म्हणून. त्याने घडा उचलून बाजूला ठेवला. वाळू तळहाताने सारखी केली.

परातीच्या एका काठाला बोट लावून म्हणाला, "ही नहर."

दुसऱ्या काठाला बोट लावलं. "ही ढाणी."

मग त्याने लोटा भरला आणि नहरेच्या काठावर ओतला. वाळूने पाणी गिळलं. दुसरा लोटाही गिळला.

"अहो, वाया कशाला घालवता?" सबनीसांच्या तोंडून निघून गेलं.

फकिराने ढाणीच्या काठाला बोटाने एक खड्डा केला, आणि हात मांडीवर ठेवून बसला.

काहीच झालं नाही... मग खड्ड्याचा तळ काळसर झाला. मग ओला. मग त्यात चमचाभर पाणी साचलं.

फकिराने त्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "गोड आहे."

"पण हे परातीत. परातीला तळ असतो."

"या जमिनीलाही आहे. वीस हात खाली, पांढऱ्या मातीचा. वरून जिरलेलं पाणी त्याच्यावर थांबतं. बेरी तेच पिते. त्याच्याखाली गेलात तर सगळं खारं."

सबनीस परातीकडे बघत राहिले.

फकिराने खड्ड्यातलं पाणी चिंधीने टिपून घेतलं. कोरडी वाळू पसरली, नवा खड्डा केला. मग हात पुढे केला.

"द्या बघू ते जरा."

त्याने कात्रण घेतलं, नहरेच्या काठावर आडवं अंथरलं आणि लोटा ओतला. पाणी प्लास्टिकवरून झरझर घसरलं, परातीच्या बाहेर पडलं, आणि बाग होती त्या बाजूला वाहत गेलं.

दोघेही खड्ड्याकडे बघत बसले.

खड्डा कोरडाच राहिला.

"चांगला कागद आहे, बाबूजी," फकीर म्हणाला. "थेंब पीत नाही."

कोठीच्या बाजूने कारंज्यांबरोबर वाजणाऱ्या गाण्याचा आवाज आला आणि वाऱ्याबरोबर गेला.

सबनीस असे हार जाणारे नव्हते. त्यांनी कात्रण उचललं, शर्टाला पुसलं.

"मी खोटं लिहिलं नव्हतं. ती नहर वेठीने खणून घेतली होती. माणसं मेली होती त्यात. राजाला वाळवंटात गुलाब हवे होते म्हणून. हे खोटं आहे का?"

"नाही. खरं आहे. माझा पणजोबा होता त्यात."

"मग?"

"खणणारे ढाणीतलेच होते. दिवसभर राजासाठी खणायचे. पहिलं पाणी सोडलं त्या दिवशी त्यांनी पहारी मारल्या. राजाला कोण विचारतो. तळ फुटला, वाळू प्याली, बेऱ्या भरल्या. दरवर्षी मारायचे. दिवाणाने आधी फटके मारले, मग कंटाळला. पुढे सणच झाला तो. गूळ वाटायचे..."

"आणि बाग?"

"बागेला थोडं कमी मिळायचं. दोनशे गुलाब कमी फुलायचे. राजाला कुठे मोजता येत होते."

सबनीसांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग एकदम उसळले.

"मग मला कुणी सांगितलं का नाही? अख्खं गाव होतं की तिथे. एकाने तरी तोंड उघडायचं."

"तुम्ही कुणाला विचारलंत?"

"विचारलं ना. धापूला विचारलं. बेरीवर होती ती. माझ्या बातमीची सुरुवातच तिच्यापासून आहे." त्यांना ती ओळ पाठ होती. भाषणांत किती वेळा म्हटली असेल, टाळ्या घेतल्या असतील. आताही ती त्याच चढत्या आवाजात आली. "'पाणी कुठून येतं, असं मी विचारलं तेव्हा धापू काहीच बोलली नाही. तिने फक्त राजाच्या बागेकडे बोट दाखवलं.'"

"मग?"

"मग काय?"

"सांगितलं की तिने."

सबनीसांनी कात्रणातली ती ओळ पुन्हा वाचली.

"तिच्या मागे, बाजेवर, तिचा सासरा बसला होता," फकीर म्हणाला. "आमच्याकडे सासऱ्यासमोर सून परक्या पुरुषाशी बोलत नाही. तुम्ही विचारलंत, पाणी कुठून येतं. तिने हाताने सांगितलं, तिकडून येतं."

सबनीसांना तो घुंगट आठवला. बांगड्यांनी भरलेला हात आठवला. त्या हाताला त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्याकडे रोखलेला हात केलं होतं. एका गावाचा मुका आक्रोश, असं लिहिलं होतं. बाई साधं उत्तर देत होती.

खिशातला फोन वाजला. प्रकाशक होते, मुखपृष्ठाच्या फोटोसाठी सकाळपासून तिसऱ्यांदा. सबनीसांनी वाजू दिला. वाजून वाजून तो थांबला.

"सिमेंट झालं," फकीर म्हणाला. "पहिल्या वर्षी पाणी खाली गेलं. दुसऱ्या वर्षी खारट लागायला लागलं. तिसऱ्या वर्षी उंटांनी तोंड फिरवलं. लोकांनी अर्ज केले. साहेब म्हणाले, तुमच्याच भल्यासाठी केलंय, पेपरात आलंय. मग एकेक घर उठलं. कुणी दगडाच्या खाणीत गेलं, कुणी शहरात."

"आणि भोमा?"

"त्याची नोकरी बातमी आली त्याच महिन्यात गेली होती. फोटोत हसताना दिसला होता ना."

सबनीसांनी मान खाली घातली.

"तो म्हणाला, मी गाव सोडणार नाही, बेरी साफ करतो, बाजूची वाळू अजून ओली असेल. उतरला. धापू वर दोर धरून होती. बारा हातांवर गेला आणि कडा ढासळल्या. आम्ही दोन दिवस उपसत होतो. जेवढी वाळू काढू, तेवढी परत यायची..."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी धापू म्हणाली, राहू द्या. दगड रचा वर."

हे ऐकून कळायला सबनीसांना एक श्वास लागला. मग ते ताडकन उठले. ज्या दगडांवर ते इतका वेळ पाय पसरून बसले होते, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं. गोल ढीग. मधे एक पालथा लोटा, वाळूत अर्धा बुडालेला.

"तुम्ही मला उठवलं का नाही?"

"सांगितलं होतं, तिथे नको म्हणून."

सबनीस वाळूत खाली बसले. सावलीत नाही, जिथे उभे होते तिथेच. कात्रण त्यांच्या हातात होतं. भोमा अजून हसत होता. दात खरोखरच फार पांढरे होते.

मग ते म्हणाले, "मी तुम्हाला नाव विचारलं होतं. गाव कुणी उठवलं त्याचं."

फकिराने परात जवळ ओढली.

"कुणालाही सोडणार नाही, म्हणालो होतो."

फकीर परातीतली वाळू सारखी करत होता. ती झाल्यावर त्याने घडा उचलून परत जागेवर ठेवला. इतके लोटे ओतूनही घड्यात पाणी होतं. सबनीसांच्या आतला बातमीदार अजून मेला नव्हता. गाव नाही, बेरी नाही, आणि घड्यात एवढं पाणी.

"तुम्हाला पाणी कोण देतं इथे?"

"धापू आणते. रोज, ऊन उतरलं की. भोमापाशी जरा बसते, घडा भरते, जाते."

"ती आहे अजून? कुठे आहे?"

फकिराने हात उचलला, आणि बागेकडे बोट दाखवलं.

सबनीसांनी त्या बोटाकडे पाहिलं. जन्मभर असल्या बोटांचे अर्थ त्यांनी स्वतःच लावले होते, आणि छापले होते. आता त्यांनी लावला नाही. लहान पोराच्या आवाजात विचारलं,

"म्हणजे काय, बाबा?"

"म्हणजे तिथे. फाटकात. पाणपोईवर."

करडी ओढणी. पुढे आलेला लोटा. आणि आपला वर गेलेला हात, हातात बाटली...

बाटली पिशवीत होती. तिचं सील अजून तुटलेलं नव्हतं.

"तिने मला ओळखलं असेल?"

"तुम्हाला पाणी दिलं तिने?"

"दिलं."

"मग झालं तर."

"मी घेतलं नाही, बाबा."

फकिराने डोळे मिटले. ऊन उतरत होतं. दगडांच्या ढिगाची सावली लांब होऊन परातीपर्यंत आली होती.

सबनीस उठले. कपड्यांची वाळू झटकली नाही. कात्रण पिशवीत घालायला गेले, तिथे त्यांचा हात थबकला. मग ते त्यांनी दगडांवर, त्या पालथ्या लोट्याखाली, नीट खोचून ठेवलं. दोन पावलं टाकली आणि वळले.

"मी तिला काय सांगू?"

फकिराने डोळे उघडले नाहीत.

"काही सांगू नका, बाबूजी... काही विचारूही नका. आधी पाणी प्या."